उलटं चाललेलं बोट

१

“कागद मी इथेच दिला होता. याच खिडकीत,” अपोलोनिया वेट्श म्हणाली. “आणि घेणारा पुरुष होता.”

खोलीतले अकराच्या अकरा लँडमन हसले. हसण्यासारखंच होतं म्हणा. मारियेनतालच्या नोंदणी कचेरीत शेवटचा पुरुष कारकून कधी होता हे आठवायला कबरस्तानात जाऊन नावं वाचावी लागली असती. खिडकीत बसायच्या त्या दोघीच. एक टेक्ला बोइचुक, एकोणतीस वर्षं त्या खुर्चीला चिकटलेली. दुसरी तिच्या हाताखालची मार्लिस, जिला खुर्चीत बसणं म्हणजेच शिक्षा वाटायची. लँडमन हे तेलकंपन्यांचे लोक. कोणत्या जमिनीखालचं तेल कोणाचं, हे जुन्या वह्यांतून उकरून काढायला ते गेल्या वर्षापासून रोज सकाळी दार उघडायच्या आधीच रांग लावत.

“चल आत्या,” तिचा पुतण्या डेरिल म्हणाला. मग टेक्लाकडे वळून त्याने आवाज खाली आणला, पण इतकाच की एक्याऐंशी वर्षांच्या बाईला ऐकू जावं. “डोळे गेले, आता डोकंही चाललंय. शुक्रवारी कोर्टात आहे आमचं. तिच्या सगळ्या कारभाराची सही माझी होईल. डिकिन्सनच्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय.”

“कान शाबूत आहेत माझे, डेरिल,” अपोलोनिया म्हणाली. “खोलीला खिडकी आहे का, ते नाही सांगितलंस.”

भानगड साधी होती. एक्कावन्न साली अपोलोनियाच्या बापाने चौदा नंबरचं सेक्शन, म्हणजे मैलभर लांब नि मैलभर रुंद जमीन, हाइनले कुटुंबाला विकली. विकली ती फक्त वरची. जमिनीखालचं जे काय असेल ते त्याने स्वतःकडे ठेवलं. वरचं गवत हाइनलेंचं, खालचं तेल वेट्शांचं. निम्म्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, असंच होतं, त्यात नवल काही नाही. पण वीस वर्षं खालच्याला कोणी हात लावला नाही, आणि ‘माझा हक्क अजून जिवंत आहे’ असा कागद कचेरीत नोंदला नाही, तर वरचा मालक वर्तमानपत्रात नोटीस छापू शकतो. नोटिशीपासून साठ दिवसांत खालच्याने कागद आणला नाही, तर खालचंही वरच्याचं. लँबर्ट हाइनलेने दोन जुलैला नोटीस छापली. साठ दिवस ऑगस्टअखेर संपले. आता ऑक्टोबर होता, आणि चौदा नंबरच्या दिशेने तेलविहीर खणायचा लोखंडी बुरूज ट्रकवर आडवा होऊन निघाला होता.

“मी एकवीस जुलैला आणला,” अपोलोनिया म्हणाली. “मंगळवार. दुपारचे बारा वाजून गेले होते.”

टेक्लाने आवक वही तिसऱ्यांदा चाळली. एकवीस जुलैला वेट्श नावाचं काहीही आलं नव्हतं. नंबर ओळीने होते, मध्ये भोकही नव्हतं. त्या दिवशी ती स्वतः डिकिन्सनला दाढ काढून घ्यायला गेली होती.

“नाहीये, वेट्शबाई.”

अपोलोनियाने काठी उचलली. दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. “अजून एक सांगते. हसायचं तर हसा. तो माणूस उलटं वाचत होता. ओळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे. बोट ठेवून.”

डेरिलने कपाळाला हात लावला. लँडमन पुन्हा हसले. टेक्ला मात्र हसली नाही.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अपोलोनियाच्या घरी गेली. गावाच्या पश्चिमेचं शेवटचं घर. त्याच्यापुढे फक्त वारा होता. स्वयंपाकघरात एक खुर्ची टेबलाशी होती. दुसरी भिंतीला टेकवून तिच्यावर कपड्यांची घडी ठेवलेली होती, म्हणजे तिच्यावर कोणी बसत नसणार. टेक्लाच्या घरीही दुसरी खुर्ची तशीच होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती.

“मला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं,” अपोलोनिया म्हणाली. “तुझा चेहरा म्हणजे पुसलेली पाटी. पण मी तिकडे चुलीकडे बघितलं की तुझे हात दिसतात. बोटातली अंगठी सैल झालीय तुझी. नीट जेव जरा.”

“त्या दिवशीचं सांगा. पहिल्यापासून.”

“धान्याच्या कोठारातल्या नोटरीसमोर सही केली. तिला विचार हवं तर.”

“विचारलं. सही केलीत हे तिला आठवतं. कागदात काय होतं ते तिने वाचलं नाही.”

“डेरिल म्हणतो, मग घरी येऊन मी तो चुलीत घातला. असू दे. मी कचेरीत आले. सामसूम होती. मी म्हटलं, कागद नोंदवायचाय. खिडकीतून हात आला. पुरुषाचा हात, डागांचा. तोंडात घास असावा. नुसतं ‘हं’ म्हणाला.”

“बोलला नाही?”

“दोनदा ‘हं’. सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. आधी ठप्पा मारला. एक ठप्पा फुसका, दुसरा खणखणीत. मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, म्हणजे हात दिसेल. ते बोट उलटं चाललं. मग त्याने पान उलटलं आणि थांबला. इतका वेळ की मला वाटलं, गेला की काय.”

जमिनीचं वर्णन कागदात लिहितात ते आतून बाहेर. आधी सगळ्यांत लहान तुकडा, मग त्याच्याभोवतीचा मोठा, आणि सेक्शनचा नंबर पार शेवटी. त्यामुळे जागा हुडकायची तर वाचावं लागतं शेवटाकडून. जमिनीचे कागद पोटापाण्यासाठी वाचणारा प्रत्येक माणूस तसंच वाचतो. ही बाब या बाईला माहीत असणं शक्य नव्हतं. मनाचं रचायचं असतं, तर तिने मिशी रचली असती, चष्मा रचला असता. उलटं बोट कोणाला सुचणार?

“कागदात लिहिलं काय होतंत?”

“कायद्याला लागतं ते. आणि थोडं जास्तीचं.” अपोलोनिया ओशाळली. “दिवस दिवस बोलायला कोणी नसतं गं. मग कागद समोर आला की मी लिहीत सुटते. बापाने जमीन का विकली, खालचं का ठेवलं, वीस वर्षांपूर्वी काय झालं, सगळं लिहिलं. तीन पानं झाली.”

“कोणीच येत नाही इकडे?”

“पाद्रीबाबा महिन्याला एकदा. डेरिल येतो, भिंती मोजून जातो. ऑगस्टात एमरिक शाफर आला होता दोनदा. पावसावर बोलला, माझा कूखन केक खाल्ला, दोन्ही वेळा टोपी हातात फिरवत बसला आणि गेला. पण बरं वाटलं. माणसाचा आवाज घरात राहतो थोडा वेळ.”

टेक्लाला ऐकून ऊब आली. एमरिक तिचा मित्र होता. मित्र म्हणावा असा हा एकच. समोरच्या गल्लीत त्याची मालकीचे उतारे काढून द्यायची कचेरी. रोज दहाच्या ठोक्याला तो दोन कप कॉफी घेऊन यायचा, आणि त्या पंधरा मिनिटांवर टेक्लाचा सबंध दिवस उभा असायचा.

“शुक्रवारी ते मला विचारतील, आज वार कोणता, देशाचा अध्यक्ष कोण,” अपोलोनिया म्हणाली. “ते मी सांगेन. पण एकवीस जुलैला तू काय केलंस असं विचारलं, तर मी हेच सांगणार. आणि ते हसतील. तेल गेलं तर गेलं, टेक्ला. मला या घरात मरायचंय. वेडी ठरून परक्या खोलीत नाही.”

३

लँबर्ट हाइनले गोठ्याच्या दाराशी उभा होता. शाळेत तो टेक्लाच्या मागच्या बाकावर बसायचा, आणि तेव्हाही असाच तक्रार करत असायचा.

“चोर शोधायला आलीस? मग नीट बघ,” त्याने हात पसरला. शेजारच्या सेक्शनवर तेलविहिरीतला वायू जाळणारी ज्योत वाऱ्यात फडफडत होती. “तिथे वरची जमीन माझी, खालचं कोणा फिनिक्सच्या दंतवैद्याचं. रस्ता माझ्या गवतातून, धूळ माझ्या गाईंच्या नाकात, खारं पाणी माझ्या ओढ्यात. दंतवैद्याने आमचा डोंगर फोटोतही बघितला नसेल. माझ्या बापाने चौदा नंबरमधले दगड हाताने वेचले, टेक्ला. त्याला वाटलं, जमीन घेतली. घेतलं फक्त साल, गर दुसऱ्याचा.”

“म्हणून म्हातारीचा कागद गायब केलास?”

“मी?” लँबर्ट खरंच दुखावला. “तुझं ते काउंटर ओलांडायची परवानगी मला जन्मात दिलीस का? मी कायद्याने गेलो. छापलं, टपालाने तिलाही पाठवलं. त्याआधी एमरिककडून उतारा काढला. तो म्हणाला, वीस वर्षांत कागद नाही. मी म्हटलं, परत बघ बाबा, शेजारीण आहे. पुन्हा बघितलं आणि म्हणाला, नाही. तोंड असं केलं जसं काही त्याचीच जमीन जातेय. तिने कागद आणला असता तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि गप्प बसलो असतो.”

“एकवीस जुलैला दुपारी कुठे होतास?”

“गवत कापत. साक्षीला साठ गाई आहेत. बोलाव कोर्टात.”

टेक्ला परतली ती थेट कोल्बी ट्रसडेलसमोर जाऊन उभी राहिली. हा ओक्लाहोमाचा लँडमन, सगळ्या अकरांचा म्होरक्या. चौदा नंबरवर बुरूज उभा करणारी कंपनी त्याचीच. तो वहीवर वाकला होता आणि त्याचं बोट ओळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे सरकत होतं.

“उलटं वाचताय,” ती म्हणाली.

“आम्ही सगळेच उलटे, टेक्लाबाई. लेकीला गोष्ट वाचून दाखवायला बसलो की मी राक्षस मेला तिथून सुरू करतो.” मग त्याचं हसू मावळलं. “अच्छा. ते म्हातारीचं. नाही हो. बारा वाजले की तुम्हीच आम्हाला हाकलता. तुमचा नियम, भिंतीवर टांगलाय. त्या दिवशी तुम्ही नव्हता तर मार्लिसने हाकललं. लक्षात आहे, कारण माझा वाढदिवस होता.”

त्याने फोन पुढे केला. समोरच्या खाणावळीतलं लांब टेबल, सूपच्या वाट्या, कागदी टोप्या घातलेले मोठमोठे बाप्ये. खाली तारीख आणि वेळ होती. एकवीस जुलै, बारा वाजून बावीस मिनिटं. टेक्लाने डोकी मोजली. अकरा.

म्हणजे बारा ते एक कचेरीत एकही बाहेरचा पुरुष नव्हता. टेक्लाने पुन्हा पुन्हा आठवलं, पुन्हा पुन्हा तेच उत्तर आलं. कोणी नाही. मग डेरिलच खरा, आणि म्हातारी भ्रमिष्ट?

४

“त्या दिवशी खिडकी सोडली होतीस?” टेक्लाने मार्लिसला विचारलं.

मार्लिस रडायलाच लागली. ती रडायची तेव्हा सगळं एकदम रडायची. “दहाच मिनिटं! जत्रेत माझ्या भाचीचं वासरू उभं होतं स्पर्धेत. पहिलं आलं हो. मला वाटलं, बघून येते. मग वीस मिनिटं झाली. तुम्ही रागवाल म्हणून नाही सांगितलं.”

“खिडकी उघडी टाकून गेलीस? कोणीही आत यावं, काहीही घ्यावं?”

“उघडी कुठे?” मार्लिसने नाक पुसलं. “एमरिक होते ना. आत बसून सँडविच खात होते. म्हणाले, जा, मी बघतो. ते नेहमीच बघतात. तुम्हीसुद्धा सांगता त्यांना.”

टेक्ला खुर्चीत बसली.

बारा वाजता ती बाहेरच्यांना हाकलायची. एमरिकला कधीच नाही. तो बाहेरचा नव्हता. चाळीस वर्षं तो काउंटरच्या आत येत होता, वह्या स्वतः काढायचा, स्वतः ठेवायचा. कोण होतं विचारलं की ती म्हणायची, कोणी नाही, एमरिक होता फक्त. या वेळी तर तेवढंही मनात आलं नव्हतं. आपल्या माणसाला कोण मोजतं?

आणि तो ठप्पा. त्या ठप्प्याची स्प्रिंग सुस्त होती. पहिला दाब फुकट जायचा, लगेच दुसरा द्यावा लागायचा. नवखा माणूस पहिल्या दाबाला कागद उचलून बघत बसला असता. दोनदा सवयीने मारणाऱ्यांत तिसरा कोण, हे टेक्लाला कोणी सांगायला नको होतं.

तिला राग यायला हवा होता. आली ती भीती. उद्या सकाळी दहा वाजता दार उघडणार, आणि त्यानंतरच्या सगळ्या सकाळी बंद राहणार, याची भीती.

५

कागद सापडू नये असं तिला मनापासून वाटत होतं, म्हणून ती शोधायला लागली. नाही सापडला तर संशयाला जागा राहील.

एमरिकने तो फाडला नसणार. उंदराने अर्धा खाल्लेला जुना नकाशाही तो गोंदाने चिकटवून ठेवायचा. घरीही नेला नसणार. टेक्ला नवीन होती तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने तिला बजावलं होतं, ठप्पा पडलेला कागद नोंद होईपर्यंत इमारतीबाहेर जात नाही, आग लागली तर आधी कागद आणि मग आपण. म्हणजे कागद याच दप्तरखान्यात होता. पण इथे तर अकरा माणसं दिवसभर पानं उलटत होती. त्यांच्या बोटांना चुकवून काही ठेवायचं कुठे?

जिथे त्यांची बोटं जात नाहीत तिथे.

प्रत्येक गटाची एक सेक्शनवही असायची. एका गटात छत्तीस सेक्शन, प्रत्येकाला आपली पानं. त्यांतले सोळा आणि छत्तीस हे दोन सेक्शन पहिल्यापासून शाळांसाठी राखलेले, खाली-वर सगळं सरकारचं. त्यांचे भाडेपट्टे राजधानीत होतात. इथली पानं कोरी. लँडमन पस्तिसाचं पान संपलं की वही मिटतो. त्याच्या हातांनाच ते ठाऊक असतं.

तिने चौदा नंबर ज्या वहीत होतं ती उतरवली. सोळाचं पान कोरं होतं. छत्तिसाचं उघडलं.

तीन पानं होती, जाड पेनाने लिहिलेली, ओळी वर-खाली धावणाऱ्या. कोपऱ्यात ठप्पा : एकवीस जुलै, बारा वाजून वीस मिनिटं. मागे टाचणीने एक पिवळी पडलेली चिठ्ठी जोडलेली होती. तिच्यावर एमरिकचं घोटीव अक्षर होतं. ‘काम झालं आहे. काळजी नसावी. नोव्हेंबर १९८९.’

दुसऱ्या पानाच्या तळाशी अपोलोनियाने लिहिलं होतं : ‘वीस वर्षांपूर्वी असाच कागद मी एमरिक शाफर यांच्याकडे नोंदवायला दिला. त्यांनी झालं म्हणून कळवलं, ती चिठ्ठी सोबत आहे. तो नोंदलाच गेला नाही, हे आता समजलं.’

तिसऱ्या पानावर एवढंच होतं : ‘त्या महिन्यात त्यांची बायको वारली होती. चूक माणसाकडून होते. माझा त्यांच्यावर राग नाही, आणि हे वाचणाऱ्यानेही धरू नये.’

टेक्लाने वही मिटली. मोठ्याने रडावंसं वाटलं, पण ऐकायला कोणी नव्हतं.

६

गुरुवारी दहाच्या ठोक्याला एमरिक दोन कप घेऊन आला. टेबलावर कागद बघून तो उभाच राहिला.

“छत्तिसात होता,” टेक्ला म्हणाली.

“हो.” त्याने कप ठेवले. बहात्तर वर्षांचा उंच माणूस, पण बसला तेव्हा लहान दिसला. “एका दिवसासाठी ठेवला होता. शपथेवर सांगतो.”

“मग नव्वद दिवस कसे झाले?”

“हेल्गा गेली त्या आठवड्यात चिठ्ठी लिहून टाकली होती. कागद दुसऱ्या दिवशी नोंदवणार होतो. तो दुसरा दिवस कुठे गेला, मला माहीत नाही, टेक्ला. लँबर्टने उतारा मागितला तेव्हाच कळलं. चाळीस वर्षांत एक कागद चुकला नाही माझा, असं लोक म्हणतात. हीच माझी मिळकत. पोरं नाहीत, बायको नाही, हे एवढं वाक्य आहे. आणि ती माझी चूक इथे वहीत चढवणार, जी अकरा जण रोज वाचतात.”

“म्हणून लपवलास.”

“तिला विनवायचं होतं. ती ओळ काढा, दुसरा लिहा, मी स्वतः नोंदवतो. दोनदा गेलो. तिने कूखन पुढे केला. मला म्हणाली, तू आलास की घराला बरं वाटतं. मग बोलवेना. मग ऑगस्ट संपला.”

“आणि तिला डिकिन्सनला टाकणार, हे माहीत होतं?”

तो कपाकडे बघत म्हणाला, “माहीत होतं.”

हे एक उत्तर त्याने दिलं नसतं तर टेक्लाने बाकीचं सगळं माफ केलं असतं. आता तिला त्याच्याकडे बघवेना. “उद्या अकरा वाजता आहे,” ती म्हणाली. “कागद मी घेऊन जाणार आहे. पण कागद घरातून मागाहून आणला, आम्हीच ठप्पा मारून दिला, असं म्हणतील. तुझ्या तोंडून यायला हवं. येणं न येणं तुझ्यावर.”

तो उठला. दाराशी घुटमळला, काहीतरी म्हणणार होता, पण लँडमन रांगेने आत यायला लागले होते.

७

शुक्रवारी अकराला एमरिक आला. कोट घालून, दाढी करून, गालावर कापून घेऊन.

न्यायाधीशांनी अपोलोनियाला एकवीस जुलैचं विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. पुरुष, घास, दोन ठप्पे, उलटं बोट. डेरिलचा वकील हसून म्हणाला, “हेच आम्ही म्हणतो, महाराज.” तेव्हा मागच्या बाकावरून एमरिक उभा राहिला.

“ते बोट माझं होतं,” तो म्हणाला.

त्याने काहीही लपवलं नाही. चिठ्ठी, हेल्गा, छत्तिसाचं पान, कूखन, सगळं सांगितलं. कोर्टात अकराही लँडमन आणि वकिलाला घेऊन लँबर्टही येऊन बसले होते. चाळीस वर्षांचं ते वाक्य त्यांच्यासमोर पुसलं जात होतं आणि तो ते स्वतःच्या हाताने पुसत होता. न्यायाधीशांनी डेरिलचा अर्ज फेटाळला. म्हणाले, या बाईंची स्मरणशक्ती या खोलीतल्या बऱ्याच जणांपेक्षा चांगली आहे. खालच्या हक्काचा निकाल वेगळ्या खटल्यात होईल, तोवर बुरूज उभा राहणार नाही. लँबर्टचा वकील उठला, पण लँबर्टने त्याला कोटाला धरून खाली बसवलं. “कायद्याने मिळेल ते घेईन. असलं नको,” म्हणाला, आणि गाईंचं निमित्त सांगून निघून गेला.

खोली रिकामी झाली. डेरिल गाडी आणतो म्हणून गेला, त्याला आत्याच्या नजरेसमोर थांबवत नव्हतं. एमरिक बाकावर तसाच होता. अपोलोनिया काठी टेकत त्याच्यासमोर आली आणि त्याला बघण्यासाठी तिने तोंड दुसरीकडे, खिडकीकडे वळवलं.

“मला घालवायला निघाले होते, एमरिक. तू गप्प बसलास. त्याचा मात्र राग आहे मला.”

“असायलाच हवा.”

“पण चिठ्ठीचा नव्हता. ते लिहिलंही होतं मी. मग कसली भीती वाटली तुला?”

“कुठे लिहिलं होतंत?”

“शेवटच्या पानावर.”

एमरिकने टेक्लाकडे बघितलं. दुसऱ्या पानाच्या तळाशी त्याला स्वतःचं नाव दिसलं होतं, आणि त्याने तिथेच कागद मिटला होता. चाळीस वर्षं लोकांचे कागद शेवटाकडून वाचणाऱ्या या माणसाने या एका कागदाचं शेवटचं पान उघडलंच नव्हतं.

टेक्लाने कागद काढला. तो आता कोर्टाचा होता, हातात द्यायची मुभा नव्हती, म्हणून तिने तिसरं पान त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. त्याने वाचलं. बोट न ठेवता, पहिल्या शब्दापासून. मग पुन्हा वाचलं. त्याचे ओठ हलत होते आणि डोळ्यांतून पाणी खाली कोटावर पडत होतं. तो ते पुसत नव्हता.

शिपाई दोनदा डोकावून गेला. तिघांपैकी कोणाचीच घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, आणि तो वाचेपर्यंत टेक्लाने पान तसंच धरून ठेवलं.